दूरचें पांखरूं आणि हातांतला कॅमेरा

अलीकडे शहरांतल्या पुष्कळ घरीं एक नवें यंत्र येऊन बसलें आहे. दिसायला तें जाड भिंगाच्या साध्या कॅमेऱ्यासारखें. पण कळ फिरविली कीं त्याची नळी कासवाच्या मानेसारखी पुढें पुढें येते, आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवर बसलेली घार एकदम हातभर अंतरावर येऊन ठेपते. कोणाच्या मुलानें तें परदेशांतून वडिलांसाठीं पाठविलेलें असतें, तर कोणी सेवानिवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या पैशांतून हौसेनें घेतलेलें असतें. पहिले दोन दिवस घरांतलीं सारीं माणसें त्यांतून आळीपाळीनें चंद्र पाहतात. तिसऱ्या दिवशीं घरांतल्या वडीलधाऱ्या माणसाच्या मनांत येतें कीं, आतां पांखरें टिपावीं. आणि तेथून निराशेला आरंभ होतो. दहा चित्रांपैकीं चारांत नुसतें आभाळ असतें, तिहींत रिकामी फांदी असते, दोहोंत एक पुसट डाग असतो, आणि उरलेल्या एकांत पांखरूं असलेंच तर त्याची पाठ असते. महिन्याभरांत यंत्र कपाटांत जाऊन पडतें.

वास्तविक ह्यांत दोष यंत्राचा नसतो आणि शिकणाराचाहि नसतो. मुलाच्या हातीं उत्तम टाक दिला म्हणून त्याचें अक्षर लागलीच वळणदार होत नाहीं. टाक धरावा कसा, दाब द्यावा किती, हें गिरवून गिरवूनच हातांत बसतें. लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्याचेंहि तसेंच आहे. त्याची शक्ति कशांत आहे, त्याची मर्यादा कोठें आहे, आणि त्या शक्तीचा उपयोग पांखराला उपद्रव न देतां कसा करावा, ह्या तीन गोष्टी ज्याला क्रमानें कळल्या, त्याला पुढें कित्येक वर्षें पुरेल एवढा आनंद ह्या यंत्रांत भरलेला आहे. ह्यांतली तिसरी गोष्ट यंत्राबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकांत छापलेली नसते. परंतु सर्वांत अधिक महत्त्व तिलाच आहे.

पांखराचें चित्र घेणें पूर्वीं किती कष्टाचें होतें ह्याची कल्पना आज सहसा येणार नाहीं. इंग्लंडांतील रिचर्ड आणि चेरी कीर्टन ह्या बंधूंनीं १८९२ सालीं अंडीं असलेल्या एका घरट्याचें छायाचित्र घेतलें, आणि १८९५ सालीं ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील त्यांचें पुस्तक अशाच चित्रांनिशीं प्रसिद्ध झालें. त्या काळीं कॅमेरा म्हणजे लांकडी पेटी. आंत कांचेच्या पाट्या, खालीं जड तिपाई. दूरचें जवळ आणणारें सोयीचें भिंग नसल्यामुळें पांखराच्या अगदीं निकट जाण्यावांचून गत्यंतर नसे. पण माणूस दिसला कीं पांखरूं उडणार! ह्यावर कीर्टन बंधूंनीं युक्ति काढली ती अशी. त्यांनीं बैलाचें कातडें सांगाड्यावर चढवून एक पोकळ बैल तयार केला, आणि त्याच्या पोटांत कॅमेरा घेऊन माणूस तासन् तास उभा राहूं लागला. आज जें काम घरच्या सज्जांत खुर्चीवर बसून होतें, त्यासाठीं सव्वाशें वर्षांपूर्वीं बैलाच्या पोटांत शिरावें लागत असे.

हा पालट लांब पल्ल्याच्या झूम भिंगानें घडवून आणला. निकॉन कंपनीचा कूलपिक्स पी-९०० हा कॅमेरा २०१५ सालीं निघाला. त्याचें नाभ्यंतर, जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या हिशेबानें, २४ पासून २००० मिलिमीटरपर्यंत जातें. २०१८ सालीं निघालेल्या पी-१००० ची मजल ३००० मिलिमीटरपर्यंत गेली. कॅनन कंपनीच्या त्याच सालच्या एसएक्स-७० ची १३६५ पर्यंत. तर सोनी कंपनीच्या २०१७ सालच्या आरएक्स-१० च्या चौथ्या आवृत्तीची केवळ ६०० पर्यंतच आहे, आणि तरीहि जाणते लोक तिला मान देतात. असें कां, हें समजलें म्हणजे ह्या यंत्रांचें निम्में मर्म समजलें.

पेटीवर मोठ्या अक्षरांत '८३ पट' असें छापलेलें असतें. पांखरूं ८३ पट मोठें दिसेल असा त्याचा अर्थ पुष्कळ लोक करतात. तो बरोबर नव्हे. भिंगाचें सर्वांत लांब नाभ्यंतर सर्वांत आंखूड नाभ्यंतराच्या किती पट आहे, एवढेंच तो आंकडा सांगतो. २००० ला २४ नें भागलें कीं ८३ येतात, इतकाच त्याचा हिशेब. साध्या डोळ्यांना जग जसें दिसतें त्याच्याशीं ५० मिलिमीटरचें नाभ्यंतर ढोबळ मानानें जुळतें असें धरण्याचा प्रघात आहे. तें प्रमाण घेतलें तर २००० मिलिमीटर म्हणजे सुमारें ४० पट, १३६५ म्हणजे सुमारें २७ पट, आणि ६०० म्हणजे १२ पट. पक्षिनिरीक्षकांच्या गळ्यांतली दुर्बीण बहुधा आठ किंवा दहा पटींची असते. तेव्हां ६०० मिलिमीटरचा कॅमेराहि नेहमींच्या दुर्बिणीला मागें टाकतो, हें ध्यानांत ठेवावें.

आतां एवढी मोठी शक्ति एवढ्या लहान यंत्रांत मावते कशी? त्याचें उत्तर यंत्राच्या पोटांतल्या सेन्सरमध्यें आहे. ज्या चिमुकल्या तुकड्यावर चित्र उमटतें तो पी-९०० सारख्या कॅमेऱ्यांत सुमारें सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच असतो. हरभऱ्याच्या दाण्याएवढा म्हटला तरी चालेल. जुन्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असे, म्हणजे क्षेत्रफळानें ह्याच्या जवळ जवळ तीसपट. सेन्सर लहान म्हणून भिंगहि लहान चालतें. पी-९०० चें २००० मिलिमीटर हें खरोखर अवघें ३५७ मिलिमीटर असतें. पण ह्या सोयीची किंमत द्यावी लागते. लहान पत्र्यावर पावसाचें पाणी थोडें पडतें, तसा लहान सेन्सरवर प्रकाश थोडा पडतो. त्यांतच भिंग पूर्ण लांबविलें कीं त्याचें छिद्र एफ २.८ वरून एफ ६.५ वर येतें, म्हणजे भिंगाची प्रकाश देण्याची शक्ति पांचपटींहून अधिक घटते. ही तूट भरून काढण्यासाठीं कॅमेरा आय. एस. ओ. नांवाची संवेदनशीलता वाढवितो, आणि मग चित्र रवाळ होतें. पांखराच्या अंगावरचीं बारीक पिसें ओल्या कापडासारखीं एकमेकांत मिसळून जातात. सोनीच्या त्या कॅमेऱ्याची मजल कमी, पण सेन्सर चौपट मोठा आणि लांब टोंकालाहि छिद्र एफ ४. म्हणून त्याचा मान.

ह्यांतून पहिला नियम निघतो. असे कॅमेरे उजेडाचे मित्र आहेत. सूर्य पाठीशीं असावा, वेळ सकाळची किंवा तिसऱ्या प्रहरानंतरची असावी, आणि आय. एस. ओ. शक्यतों ४०० च्या आंत ठेवावें. दाट झाडींतल्या अंधुक उजेडांत हीं यंत्रें निराशा करतात. दुसरा नियम असा कीं, 'डिजिटल झूम' नांवाची जी सोय असते ती बंद करून टाकावी. तिच्यांत भिंग कांहीं काम करीत नाहीं. टिपलेल्या चित्राचा मधला भाग कापून ताणला जातो, एवढेंच. तें काम पुढें घरीं बसून अधिक चांगलें करतां येतें.

नवशिक्याला सर्वांत जास्त रडविणारी अडचण मात्र निराळीच आहे. ती म्हणजे पांखरूं सांपडतच नाहीं. ह्याचेंहि गणित पाहण्यासारखें आहे. २००० मिलिमीटरवर कॅमेऱ्याच्या चौकटीची रुंदी अवघी एक अंश असते. पौर्णिमेचा चंद्र आकाशांत अर्धा अंश व्यापतो. म्हणजे सारी चौकट दोन चंद्रांएवढी. वीस मीटरांवरच्या झाडाचा जेमतेम ३५ सेंटिमीटर रुंदीचा भाग तिच्यांत मावतो, आणि तेथें बसलेला दयाळ स्वतःच वीतभर लांब! उलट २४ मिलिमीटरवर त्याच अंतरावरचा सुमारें २९ मीटर रुंदीचा देखावा दिसतो. म्हणून प्रथम भिंग पूर्ण लांबवून मग पांखरूं शोधणें म्हणजे सुईच्या नेढ्यांतून गर्दींतला माणूस शोधण्यासारखें आहे. आधीं भिंग आंखूड ठेवावें, पांखरूं चौकटीच्या बरोबर मध्यें आणावें, आणि मग तें मध्यावरून ढळूं न देतां हळूहळू लांबवीत जावें. वाटेंत एखादी वांकडी फांदी, पिवळें पान, वाळलेली शेंग अशी खूण धरून ठेवावी. पुष्कळ कॅमेऱ्यांत भिंग क्षणभर मागें ओढून पुन्हां पूर्वस्थितीवर आणणारी एक वेगळी कळ असते. पांखरूं चौकटींतून निसटलें कीं ती दाबावी. बोटाला ती न पाहतां सांपडली पाहिजे, एवढा तिचा सराव असावा.

पांखरूं सांपडलें कीं दुसरी अडचण उभी राहते ती हाताच्या कंपाची. भिंग जितकें पांखराला मोठें करतें तितकेंच हाताच्या थरथरण्यालाहि मोठें करतें. जुन्या छायाचित्रकारांचा ठोकताळा असा कीं, नाभ्यंतराचा आंकडा असेल तितकाव्या भागाएवढा सेकंदाचा अवधि शटरला द्यावा. २००० मिलिमीटरला सेकंदाचा दोन हजारावा भाग. आजच्या कॅमेऱ्यांत कंप शमविणारी यंत्रणा असते, त्यामुळें हातांत धरूनहि याच्या पुष्कळ खालीं उतरतां येतें. पण ती यंत्रणा माणसाचा हात स्थिर करते, पांखराची मान स्थिर करीत नाहीं! बसलेल्या बुलबुलाला देखील सेकंदाचा अडीचशेंवा ते पांचशेंवा भाग द्यावा, आणि उडत्या पांखराला सोळाशेंवा भाग किंवा त्याहूनहि कमी अवधि द्यावा. मागचा पडदा हात लांब करून पाहण्यापेक्षां वरच्या खिडकीला डोळा लावावा. म्हणजे कपाळ, दोन्ही हात आणि छातीला टेकलेलीं कोंपरें मिळून कॅमेऱ्याला चांगला आधार मिळतो. ह्या खिडकीपाशीं एक लहान चक्र असतें. चष्मा वापरणाऱ्यांनीं तें फिरवून अक्षरें स्वच्छ दिसतील असें प्रथम करून घ्यावें. साठीच्या पुढच्या कित्येकांचा 'चित्र नेहमीं पुसटच दिसतें' हा तक्रारीचा सूर एवढ्यानें मिटतो. श्वास हलकेच सोडून त्याच्या शेवटीं कळ दाबावी, ओढूं नये. सज्जाच्या कठड्यावर तांदूळ किंवा वाळू भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्यावर भिंग टेकविलें तर महागड्या तिपाईचें निम्मेंशिम्में काम फुकटांत होतें. तिपाई वापरलीच तर कंप शमविणारी यंत्रणा बंद करण्याबद्दल माहितीपुस्तकांत काय सांगितलें आहे तें पाहून घ्यावें.

कॅमेऱ्याला रंगरूप कळत नाहीं; त्याला केवळ उजेड कळतो. समोर जें असेल तें मध्यम करड्या छटेचें आहे असें समजून तो हिशेब मांडतो. त्यामुळें काळोख्या पाण्यावर उभा असलेला पांढरा बगळा चुन्याच्या ढेंकळासारखा उमटतो, त्याचें एकहि पीस दिसत नाहीं. आणि पांढुरक्या आभाळापुढें बसलेला कोतवाल नुसता काळा कागद होतो. ह्यावर उपाय म्हणून अधिक-उणें अशा खुणांचें एक बटण दिलेलें असतें. बगळ्यासाठीं तें पाऊण ते एक अंश उणें करावें, आभाळापुढच्या पांखरासाठीं एक ते दोन अंश अधिक करावें. तसेंच नेम धरण्याचें काम साऱ्या चौकटीवर न सोंपवितां मधल्या एका लहान चौकोनाकडे द्यावें, आणि तो चौकोन पांखराच्या डोळ्यावर ठेवावा. नाहीं तर कॅमेरा पुढच्या काटकीला मोठ्या निष्ठेनें स्पष्ट करतो आणि पांखरूं मागें धुक्यांत राहतें. पांखराचा डोळा स्वच्छ आला तर शेंपटी थोडी अस्पष्ट असली तरी चालते. डोळा गेला तर बाकीचें सारें असून नसल्यासारखें होतें.

एका गोष्टीवर मात्र कोणत्याहि कॅमेऱ्याजवळ उपाय नाहीं, आणि ती म्हणजे मधली हवा. ऊन चढलें कीं जमिनीवरची आणि पाण्यावरची हवा तापून थरथरूं लागते. डांबरी रस्त्यावर दुपारीं दिसणारें मृगजळ हा त्याचाच प्रकार. दोनशें मीटरांवरचें पांखरूं अशा हवेंतून टिपलें तर तें वाहत्या पाण्याखालच्या दगडासारखें दिसतें. नवशिका यंत्राला बोल लावतो, दुकानदाराकडे जाऊन येतो; पण खरा उपाय म्हणजे सकाळीं लौकर उठणें, आणि दूरच्या पांखराचा हव्यास सोडून मध्यम अंतरावरचें पांखरूं पाहणें. २००० मिलिमीटरची शक्ति शंभर मीटरांवरची घार टिपण्यापेक्षां वीस मीटरांवरचा शिंजीर टिपण्यांत अधिक शोभते.

शिकण्याचा क्रम कसा असावा, ह्याचाहि विचार केला पाहिजे. पहिल्या आठवड्यांत पांखरांच्या नादीं लागूंच नये. समोरच्या गच्चीवरची पाण्याची टांकी, तिच्यावरचीं अक्षरें, कुंडींतलें एखादें फूल ह्यांवर भिंग आंखूड-लांब करण्याचा आणि खूण धरून नेम साधण्याचा सराव करावा. दुसऱ्या आठवड्यांत मोठीं, संथ पांखरें घ्यावीं. गायबगळा, तळ्याकांठीं ध्यान लावून बसलेली ढोकरी, खांबावरची घार. तिसऱ्या आठवड्यांत कावळा आणि बगळा ह्या जोडीवर उजेडाचा धडा गिरवावा. चौथ्यांत बुलबुल, साळुंकी, दयाळ. शिंपी आणि शिंजीर हे सर्वांत शेवटीं. कारण ते क्षणभरहि एका ठिकाणीं ठरत नाहींत.

ह्या अभ्यासांत एक गोष्ट हळूहळू ध्यानांत येते कीं, बोटाच्या चपळाईपेक्षां पांखराच्या संवयी ठाऊक असण्याचा उपयोग अधिक होतो. वेडा राघू आणि कोतवाल हवेंत झेप घेऊन किडा पकडतात आणि पुष्कळदां त्याच तारेवर, त्याच फांदीवर परत येऊन बसतात. ज्याला हें माहीत आहे तो उडालेल्या राघूच्या मागें कॅमेरा फिरवीत नाहीं. रिकाम्या तारेवर नेम धरून थांबतो, आणि राघू चोंचींत माशी घेऊन आपण होऊन चौकटींत येतो. खंड्या पाण्यावर झुकलेल्या ठराविक फांदीवर बसतो. तांबट निष्पर्ण शेंड्यावर बसून ठोक्यामागून ठोका देत राहतो. मोठें पांखरूं उडण्यापूर्वीं अनेकदां अंग झाडतें किंवा विष्ठा टाकतें. ती सूचना ओळखावी. यंत्र अशा रीतीनें माणसाला पाहायला लावतें, आणि पाहण्याची संवय जडली कीं घरासमोरचें एकच गुलमोहराचें झाड वर्षभर पुरतें.

घरचा अभ्यास झाला कीं बाहेर पडावें. पुण्याच्या लोकांना भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्यावरचें भिगवण जवळ आहे. हिवाळ्यांत तेथें रोहित आणि पट्टकादंब ह्यांचे थवे उतरतात. नाशिककरांना गोदावरी आणि कादवा ह्यांच्या संगमाजवळचें नांदूर मध्यमेश्वर आहे. महाराष्ट्रांतील तें पहिलें रामसर स्थळ म्हणून २०२० सालीं जाहीर झालें. मुंबईच्या लोकांना तर ठाण्याची खाडी दारांतच आहे. तिलाहि तोच दर्जा २०२२ सालीं मिळाला. होडींतून चित्रें घेतांना तिपाईचा उपयोग नसतो. होडीचा कंप तिच्यांतून भिंगांत चढतो. तेथें कॅमेरा हातांतच धरावा आणि शटरचा वेग वाढवावा.

येथें मघांशीं सांगितलेली तिसरी गोष्ट पुढें येते. भिंगाची शक्ति एवढी वाढली कीं माणसानें दूर राहूनच पाहावें असें वाटावयास हवें होतें. अनुभव पुष्कळदां उलट येतो. चाळीसपटींनीं जवळ आलेलें पांखरूं पाहून मनुष्याला आणखी थोडें जवळ जाण्याचा मोह होतो, आणि नावाड्याला तो म्हणतो, "जरा पुढें घ्या." थवा उडतो, सुंदर चित्र मिळतें, होडींतलीं माणसें टाळ्या पिटतात. पण रोहित तेथें शोभेसाठीं उतरलेले नसतात. चिखलांतलें सूक्ष्म अन्न गाळून पोट भरण्यासाठीं ते आलेले असतात. दर उड्डाणाला त्यांची शक्ति खर्च होते आणि चरण्याचा वेळ जातो. दिवसांतून अशा दहा होड्या आल्या तर त्या पांखरांच्या वांट्याला काय उरतें, ह्याचा विचार होडींत बसण्यापूर्वीं करावा.

घरट्याच्या बाबतींत तर हा विचार अधिकच निकडीचा आहे. घरटें नीट दिसावें म्हणून आडवीं येणारीं पानें, डहाळ्या कोणी बाजूला सारतो. त्याला वाटतें, दोन पानांनीं काय होतें? पण त्याच दोन पानांनीं पिलांवर सावली धरलेली असते आणि कावळ्याच्या दृष्टीपासून तीं झांकलेलीं असतात. माणूस चित्र घेऊन जातो, आणि मागें ऊन व कावळा येतात. आईबाप घाबरून तासभर दूर राहिले तरी नुकतीं फुटलेलीं पिलें दगावूं शकतात. आपल्या देशाच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शिकार ह्या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तिच्यांत पक्ष्यांचीं अंडीं किंवा घरटीं विचलित करणें ह्याचाहि समावेश केलेला आहे. बंदूक हातीं न धरतां, केवळ कॅमेऱ्याच्या नादानें मनुष्य शिकारी ठरूं शकतो, हें प्रत्येक हौशी माणसानें मनावर कोरून ठेवावें. एरिक हॉस्किंग हा नामांकित इंग्रज पक्षिछायाचित्रकार. १९३७ सालीं घरट्याजवळ गेला असतां एका घुबडानें त्याच्या चेहऱ्यावर झडप घातली आणि त्याचा एक डोळा कायमचा गेला. त्यानें पुढेंहि हेंच काम आयुष्यभर केलें. घरट्यापाशीं पांखराची वृत्ति कशी असते ह्याचें हें टोंकाचें उदाहरण. लहान पांखरांना असा प्रतिकार करतां येत नाहीं, तीं मुकाट्यानें घरटें सोडून जातात.

मग हें यंत्र कोणत्या कामाचें? त्याचें खरें काम पांखराला न दुखवितां त्याची ओळख पटविणें हें होय. एके काळीं पांखरूं नेमकें कोणतें हें ठरविण्यासाठीं तें मारून हातीं घ्यावें लागे. थोर पक्षितज्ज्ञ सालिम अली ह्यांचा ह्या शास्त्रांतला प्रवेशसुद्धां असाच झाला. लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती कोणती हें विचारण्यासाठीं ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले. आज तोच पिवळा डाग वीस मीटरांवरून भिंगांत स्वच्छ दिसतो, आणि चिमणी आपल्या वाटेनें उडून जाते.

पण चित्र असो कीं कातडें असो, त्याची किंमत त्याबरोबरच्या टिपणाच्या खरेपणावर आहे. ह्याचा महाराष्ट्रांतच घडलेला दाखला फार बोलका आहे. रानपिंगळा नांवाचें एक दुर्मिळ घुबड १८८४ सालानंतर कोणास विश्वसनीय रीतीनें आढळलेलें नव्हतें. कर्नल माइनर्ट्झहागेन ह्या प्रसिद्ध संग्राहकानें मात्र तें १९१४ सालीं गुजराथेंत मिळविल्याची नोंद ठेवली होती. पुढें पॅमेला रासमुसेन ह्या विदुषीनें पुराव्यानें दाखविलें कीं, तो नमुना जेम्स डेव्हिडसन ह्यांनीं एकोणिसाव्या शतकांत खानदेशांत जमविलेल्यांपैकींच होता. त्यावरची चिठ्ठी खोटी होती. ती खोटी नोंद बाजूस सारून रासमुसेन आणि त्यांचे सोबती जुन्या खऱ्या नोंदींच्या प्रदेशाकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळच्या रानांत त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. एकशें तेरा वर्षांनीं परतलेल्या त्या पांखराचा पुरावा गोळी न झाडतां, चित्रें घेऊन मिळविण्यांत आला. खोट्या चिठ्ठीनें पांखरूं हरवूं शकतें आणि खऱ्या नोंदीनें तें सांपडूं शकतें, हें ह्यांतून दिसून येतें.

म्हणून हौशी माणसानें कॅमेऱ्याबरोबर एक वही ठेवावी. दर चित्रामागें तारीख, वेळ, ठिकाण, झाड, आणि पांखरूं काय करीत होतें हें एका ओळींत लिहावें. चित्र धूसर आलें म्हणून लागलीच पुसून टाकूं नये. चोंचीचा बांक, पायांचा रंग, पंखावरची पट्टी एवढें दिसलें तरी जाणकाराला ओळख पटविण्यास तें पुरतें. एका पांखराचें दुसऱ्या ठिकाणचें चित्र येथलें म्हणून दाखवूं नये. आणि दुर्मिळ पांखराच्या घरट्याचें ठिकाण मात्र चारचौघांत उघड करूं नये. एकाच्या मागें शंभर कॅमेरे जातात. रात्रीं घुबडाच्या डोळ्यांवर दिव्याचा लखलखाट पाडणें, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पांखराला फसवून बोलावणें, हे प्रकार टाळावेत. अभयारण्यांत जावयाचें तर तेथील वनखात्याचे नियम आणि परवानगी ह्यांची चौकशी आधीं करावी.

पांखरूं अस्वस्थ झालें आहे हें ओळखणें कठीण नाहीं. तें चरणें थांबवून मान ताठ करतें, एकसारखें तुमच्याकडे पाहूं लागतें, टिटवीप्रमाणें ओरडत डोक्यावर घिरट्या घालतें, किंवा चोंचींत चारा असून घरट्याकडे जात नाहीं. ह्यांतलें एक जरी लक्षण दिसलें तरी कॅमेरा खालीं करून दहा पावलें मागें यावें. दहा पावलांचें अंतर भरून काढण्याची शक्ति भिंगांत आहे. त्यासाठींच तर तें घेतलेलें असतें.

उत्तरेकडचे पाहुणे पक्षी पावसाळा सरला कीं आपल्याकडे येऊं लागतात आणि बहुतेक फाल्गुन-चैत्राच्या सुमारास परत फिरतात. त्यांच्या येण्यापूर्वीं ज्यानें घरच्या सज्जांत महिना दोन महिने अभ्यास केला असेल, त्याला पाणवठ्यावर गेल्यावर यंत्राशीं झगडावें लागणार नाहीं. त्याचें सारें लक्ष पांखराकडे राहील. कपाटांत पडलेला कॅमेरा अशा कामासाठीं बाहेर काढावा. प्रथम बॅटरी भरून घ्यावी, भिंगावरची धूळ मऊ कापडानें टिपावी, आणि उद्यां सकाळीं समोरच्या झाडावर येणाऱ्या बुलबुलापासून आरंभ करावा.